शिवण बाहेर ठेवणाऱ्या शकीलाआपा

शकीलाआपांच्या शिलाईच्या दुकानात मी पहिल्यांदा गेले ती डोकं तापलेलं असताना. दारव्ह्याचा बाजार होता. जीपमध्ये शेजारच्या बाईनं माझ्या वैष्णवीकडे पाहून विचारलं होतं, "पोरगी भाजली का वो?" भाजली नव्हती. तिची कातडीच जन्मापासून अशी, की कापड घासलं तरी फोड येतो आणि सोलवटून निघते. क्वचितच कोणाला होतो हा आजार. डॉक्टरांनी सांगितलेलं त्याचं नाव चौथी शिकलेल्या मला आजही धड म्हणता येत नाही.

फ्रॉकची शिवण टोचून काखेत रक्त येत होतं. काय झालं, कसं झालं, आपांनी काही विचारलं नाही. फ्रॉक उलटा केला, शिवण बाहेर काढली आणि म्हणाल्या, "हा असाच घालत जाय तिले."

"लोक हसतील."

"हसू दे. कातडी लोकाईची हाय का?"

मग त्यांनी वैष्णवीला उचललं. काखेत हात घातला नाही, बुडाखाली तळहात धरून उचललं. आमच्या लेकरांना असंच उचलावं लागतं, नाहीतर कातडी हाताला येते. मी विचारलं, "तुमच्या घरी कोण होतं असं?" आपा म्हणाल्या, "इक्बाल. माया पोरगा." होतं, असं मी विचारलं होतं. त्यांनी 'आहे' म्हटलं नाही. 

तेव्हापासून बाजाराच्या दिवशी आपांकडे जायचं ठरूनच गेलं. राजूरहून खाणकामगाराची बायको अशाच कातडीच्या पोराला घेऊन येते, आणखी दोघीतिघी अशीच लेकरं घेऊन येतात. मागच्या खोलीत गादीवर लेकरं, आणि आम्हा बायांना आधी ताट. पट्ट्या कशा भिजवून सोडवायच्या, फोड कधी टोचायचा, हे सगळं जेवण झाल्यावर. "भुकेल्या मायले धीर राह्यत नाही, पट्टी ओढते," असं आपांचं म्हणणं. मी घाईची बाई, मला ते पटलं.

बाजाराच्या दिवशी आपा स्वतःचा कुर्ताही उलटा घालून बसतात. वैष्णवीनं एकदा टोकलंच, "आपा, तुमचा कुर्ता उलटा हाय वो."

"माया सीधाच हाय. बाकी दुनिया उलटी हाय. काटे आतून घेऊन फिरते."

पोट्टी खदखदून हसली. मावशीच्या लग्नात तिच्या फ्रॉककडे कोणी पाहिलं, की हेच ऐकवत फिरली. तो फ्रॉक आपांनीच शिवला होता. निळा, आणि बाहेरच्या शिवणीवर पिवळ्या दोऱ्याची नक्षी. बाया मला टेलरचं नाव विचारत होत्या. लोकांनी माझ्या लेकीचं कातडं सोडून कापड पाहिलं, असं तेव्हाच एकदा झालं.

दुसरा फ्रॉक, लाल, अर्धा शिवून झाला होता. तेवढ्यात वैष्णवीच्या जखमांचं विष अंगात भिनलं. दवाखान्यातून आम्ही रिकाम्या हातानं आलो.

आपा घरी आल्या. नशीब, देवाची मर्जी, असलं काही बोलल्या नाहीत. मीच वाकडं बोलले, "आता कोणासाठी आल्या?"

"तुयासाठी. तू मेली का?"

माझ्याशी तेव्हा असं बोलणारं दुसरं कोणी नव्हतं. सगळे हळू बोलायचे, मला त्याचाच राग यायचा. जाताना म्हणाल्या, "बाजाराच्या दिवशी ये. ताट वाढून ठीवतो."

मी गेले. लाल फ्रॉक खिळ्यावर तसाच टांगलेला होता, एक बाही नसलेला. आपांनी तो पुरा केला नाही, कोणाला दिलाही नाही. मी त्याच्याकडे पाठ करून जेवायची. 

मग झरी जामणीकडची एक माय आली, लेक घेऊन. पोरीला काखेतून उचलत होती. मी ओरडले, "तशी नोको उचलू, बाई." हातातली भाकर टाकून मी तिला दाखवलं. पोरगी माझ्या हातावर आली आणि तिचं वजन मला ओळखीचं लागलं. मी फ्रॉक खिळ्यावरून काढून आपांपुढं ठेवला. म्हटलं, "बाही लावा." आपांनी लावली. मशीन चालू असताना त्या रडत होत्या. मीपण.

ती पोरगी आता वाढली, तो फ्रॉक तिला होत नाही. तिच्या मायनं धुऊन परत आणून दिला. माझी लेक ज्या मापावर राहिली, ते माप ओलांडून ती पोरगी पुढं गेली. फ्रॉक पुन्हा खिळ्यावर आहे. आता मी त्याच्याकडे तोंड करून जेवते.

आपांना पंचाहत्तर वर्षं पुरी होत आहेत, म्हणून आम्ही त्यांचा सत्कार ठेवला आहे. डोळ्यांत मोतीबिंदू आहे आणि त्या ऑपरेशन टाळून राहिल्या आहेत. सुईत दोरा हल्ली मी ओवून देते. सगळ्यांसमोर सांगते, आपा, आधी डोळे करून घ्या. अल्ला तुम्हाला भरपूर आयुष्य देवो, हातपाय धड ठेवो, नजर साफ ठेवो. अजून लेकरं यायची आहेत. एकही येऊ नये असं वाटतं, पण येतील.

सत्काराला आम्ही साऱ्या जणी शिवण बाहेर ठेवूनच येणार आहोत. कोणाला हसायचं असेल तर हसा.