अर्ध्या तासाने, त्याच ठिकाणी

आमच्या वसाहतीच्या सभेच्या प्रत्येक नोटिशीच्या तळाशी एक वाक्य असे: 'गणपूर्तीअभावी तहकूब झालेली सभा अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी घेण्यात येईल व तिला गणपूर्तीची आवश्यकता राहणार नाही.' सहकारी संस्थांच्या नोटिशींत हे वाक्य सगळीकडेच असतं. आमच्याकडे ते आधी वाचलं जाई आणि सभेची वेळ नंतर.

वसाहत नाशिकच्या पश्चिमेला, धरणाच्या फुगवट्याच्या काठावर होती. धरणाचं काम संपल्यावर ठेकेदाराने साइटवरच्या लाकडी केबिनी लिलावात काढल्या. शहरातल्या काही कारकुनांनी, शिक्षकांनी मिळून त्या घेतल्या, काठावरचा एक उतार विकत घेतला, दगडी जोती बांधली आणि त्यावर केबिनी उभ्या केल्या. हे सत्तरच्या दशकाच्या मध्याला झालं. कागदोपत्री या घरांना 'कुटीर' म्हणत. बोलताना सगळे केबिनच म्हणायचे. काही दारांवर ठेकेदाराने रंगवलेले 'भांडार' आणि 'हजेरी' हे शब्द बरीच वर्षं तसेच होते.

लोक रविवारी येत. डबे, सतरंज्या, पत्त्यांचा कॅट घेऊन सकाळच्या एसटीने यायचं आणि संध्याकाळच्या एसटीने परतायचं. पावसाळ्यात फाट्यापासूनचा रस्ता चिखलाने बंद होई, तेव्हा दसऱ्यापर्यंत कुणी फिरकत नसे. मी तेव्हा शहरातल्या एका दैनिकात उपसंपादक होतो. माझीही तिथे एक केबिन होती, 'हजेरी' लिहिलेली.

प्लॉट चिठ्ठ्या टाकून वाटले होते. वरच्या रांगेत बहुतेक केबिनी, मध्ये नकाशावर 'क्रीडांगण' म्हणून दाखवलेली मोकळी जागा आणि तिच्या खाली, पाण्याच्या अगदी जवळ, एकच प्लॉट. तो नगरपालिकेच्या शाळेतल्या एका शिक्षिकेच्या चिठ्ठीत निघाला. चिठ्ठ्या माझ्यासमोर काढल्या गेल्या, त्यात काही गडबड नव्हती. या शिक्षिका शहरातल्या बौद्ध वस्तीतल्या. आल्या की 'जयभीम' म्हणत आणि समोरून 'नमस्कार, नमस्कार' येई. सगळ्यांत खालचा प्लॉट त्यांच्याकडे जाणं हा योगायोग होता. तो योगायोग कुणाला खटकला नाही, हेही नोंदवायला हवं.

त्यांना सगळे बाई म्हणत. पती वारल्यावर आणि नोकरीतून निवृत्त झाल्यावर बाईंनी शहरातली भाड्याची खोली सोडली आणि केबिनमध्ये कायमच्या राहायला आल्या. सभासदांपैकी बाराही महिने तिथे राहणाऱ्या त्या एकट्याच. बाकीच्यांसाठी केबिन ही रविवारची जागा होती. बाईंना दुसरं घर नव्हतं.

पावसाळ्यात काय होतं ते म्हणूनच फक्त त्यांना दिसे. वरच्या रांगेतल्या सगळ्या पत्र्यांचं आणि मागच्या टेकडीचं पाणी क्रीडांगणावर उतरे आणि तिथून सरळ त्यांच्या जोत्यावर आदळे. दर वर्षी मागच्या बाजूची माती थोडी निघून जाई. क्रीडांगणाच्या वरच्या कडेने चर खणून ते पाणी पलीकडच्या ओहोळात सोडायचं, एवढीच त्यांची मागणी होती. खर्च फारसा नव्हता, आणि जो होता तो करायला त्या तयार होत्या.

पण क्रीडांगण सामाईक. सामाईक जागेच्या वापरात बदल करायचा तर पोटनियमाप्रमाणे पूर्ण कोरम असलेल्या सभेचा ठराव हवा होता. पाण्याचा पंप, रखवालदाराचा पगार, फाटकाचा रंग हे विषय तहकूब सभेत चालत. क्रीडांगण चालत नव्हतं.

आणि आमची सभा नेहमी तहकूबच होई.

सुरुवातीला याला कारण होतं. सभा दहाला असे आणि एसटी फाट्यावर पोचेपर्यंत दहा वाजून जात. मग लोकांच्या लक्षात आलं की उशिरा पोचल्याने काही बिघडत नाही. अर्ध्या तासाने सभा होतेच आणि सगळे विषय मंजूर होतात. पुढे ज्यांच्याकडे स्कूटर होत्या तेही त्याच वेळेला येऊ लागले. दहाला चटईवर चारच माणसं असत: बाई, सचिव, मी आणि कधी कधी शेजारच्या केबिनमधले कंपाउंडर. साडेदहाला सगळी वसाहत हजर.

सचिव एका सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. माणूस प्रामाणिक होता. नियमाबाहेर त्यांनी कुणाला काही दिलं नाही आणि स्वतःही घेतलं नाही.

मला आठवते ती पहिली सभा उन्हाळ्याच्या सुट्टीतली. फाटकाच्या रंगावर बरीच चर्चा झाली, हिरवा की चॉकलेटी. मग बाई उठल्या.

"अध्यक्षमहाराज, माझ्या चराचं तेवढं..."

अध्यक्ष शहरातल्या एका हायस्कूलचे मुख्याध्यापक होते. निम्मे सभासद त्यांचे माजी विद्यार्थी, उरलेल्यांची मुलं त्यांच्या शाळेत. सगळे त्यांना सर म्हणत.

"बाई, बरोबर आहे तुमचं," सर म्हणाले. "सचिव, काय करायचं?"

"सर, ही तहकूब सभा आहे. क्रीडांगणाचा विषय घेता येत नाही. कोरम लागतो."

कंपाउंडरांनी मान वळवून चटईवरची माणसं पाहिली. "अहो, हे सगळे बसलेत ते कोण? वऱ्हाडी?"

हशा झाला. सचिव हसले नाहीत.

"दहाला बसले असते तर कोरम झाला असता. आता आहेत ते तहकूब सभेचे सभासद."

"म्हणजे माणसं तीच, पण आता चालत नाहीत?"

"नियम मी केला नाही, कंपाउंडरसाहेब. तुम्ही दहाला येत जा म्हणजे झालं."

"मी दहालाच आलोय! मला काय सांगता?"

कुणीतरी म्हणालं की जागा तरी बघून घेऊ. सगळी मंडळी उठून क्रीडांगणावर गेली. मे महिना. जमीन भेगाळलेली, गवत वाळलेलं. बाईंनी पाणी कुठून येतं ते हाताने दाखवलं. लोकांनी त्या दिशेला पाहिलं.

"आत्ता तर ठणठणीत आहे," एक गृहस्थ म्हणाले.

"आत्ता पाऊस नाही ना," बाई म्हणाल्या.

"तेच म्हणतोय मी."

दिवाळीनंतरच्या सभेतही असंच झालं. तेव्हा क्रीडांगणावर गवत होतं आणि बाईंच्या मागच्या भिंतीला दगडांचा टेकू होता. टेकू पाहून एक-दोघांनी काम छान झाल्याचं सांगितलं.

मी सचिवांना सुचवलं की सभा साडेदहाला ठेवा, म्हणजे लोक येतील तेव्हाच ती सुरू होईल. त्यांनी कार्यकारिणीत विचारून तसं केलं. नोटिशीत साडेदहा छापलं. लोक अकराला आले. फाट्यावर भेटलेल्या एकाला मी विचारलं, तर तो म्हणाला, "साडेदहाची नोटीस आहे ना? मग सभा अकराला." त्याच्या बोलण्यात थट्टा नव्हती. पुढच्या वेळी नोटिशीत पुन्हा दहा छापलं.

एका श्रावणात कामासाठी पेठला गेलो होतो. परतताना फाट्यावर उतरलो आणि चिखल तुडवत वसाहतीत गेलो. बाकी केबिनींना कुलपं होती. बाई घराच्या मागे घमेल्याने माती ओढून जोत्याला लावत होत्या. वरून येणारं पाणी तीच माती त्यांच्यासमोर घेऊन जात होतं. जोत्याचा एक कोपरा उघडा पडला होता. खालून पलीकडचं पाणी दिसत होतं.

मी म्हणालो, "बाई, चर खणून टाका सरळ. कोण बघतंय?"

"खणला असता. रखवालदार म्हणाला, मी खणतो. मीच नको म्हटलं."

"का?"

"उद्या म्हणतील, बाईंनी सामाईक जागा खाल्ली." त्यांनी घमेलं खाली ठेवलं. "दुसऱ्या कुणी खणला तर चर म्हणतील. मी खणला तर अतिक्रमण. ठराव पाहिजे. ठराव असला की मग कुणाच्या तोंडाकडे बघायचं कारण नाही."

त्यांनी चहा केला. आत एका भिंतीशी पलंग, ट्रंक, पुस्तकांचं फळकूट. पलंगाचे मागचे दोन पाय विटांवर चढवले होते, कारण जमीन त्या बाजूला खचली होती.

त्यानंतरच्या मेच्या सभेसाठी मी एकेकाला शहरात जाऊन भेटलो. कुणाला कचेरीत, कुणाला घरी, कुणाला भाजीबाजारात. बाईंचं घर या पावसाळ्यात जाईल हे सांगितलं. एकानेही नकार दिला नाही. "अरे, त्यात काय! येतो की दहाला," असंच सगळे म्हणाले. काहींनी आदल्या दिवशीच मुक्कामाला जायचं ठरवलं. सरांना मी भेटलो नाही. अध्यक्षांना सभेला वेळेवर या असं सांगणं बरं दिसत नाही, असं सचिवांचं मत पडलं आणि मलाही ते पटलं.

त्या रविवारी दहा वाजता कोरम पूर्ण होता. सचिवांनी दोनदा मोजणी केली आणि चष्मा पुसला. बाई नवी सुती साडी नेसून पुढे बसल्या होत्या. चराला कुणी विरोध करील असंही वाटत नव्हतं. वसाहतीच्या इतिहासात पहिल्यांदा सभा वेळेवर भरली होती.

फक्त सर आले नव्हते.

"तात्पुरता अध्यक्ष निवडा," मी म्हणालो. "पोटनियमात सोय आहे."

"सोय आहे," सचिव म्हणाले. "सूचना मांडा. अर्ध्या तासात खुर्चीत कुणी बसलं नाही, तरी सभा तहकूबच धरावी लागते."

मी कंपाउंडरांचं नाव सुचवलं. त्यांनी दोन्ही कान धरले. "सरांच्या खुर्चीत? अहो, हे कान त्यांनीच लांब केलेत. दुसरा बघा."

खुर्ची एकच होती, बाकी सगळे चटईवर. प्रत्येकजण शेजाऱ्याचं नाव सुचवत होता आणि शेजारी हसत मान हलवत होता. पेपरवाले, तुम्हीच बसा, असंही कुणी म्हणालं. तेवढ्यात बाईच म्हणाल्या, "राहू द्या. सर येतीलच. त्यांच्यामागे असं काही नको. त्यांना काय वाटेल?"

ज्यांचं काम त्याच असं म्हणाल्यावर विषय संपला. सगळ्यांना हायसं वाटल्याचं दिसलं. चहा आला. सचिव मांडीवर घड्याळ ठेवून बसले होते.

सर नेहमीच्या वेळेला आले. स्कूटर स्टँडला लावली, रुमालाने मान पुसली आणि चटईकडे पाहून थबकले.

"वा! आज सगळे आधीच? काय विशेष?"

सर खुर्चीत बसले. सचिव उठले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "सर, अर्धा तास होऊन गेला. सभा तहकूब झाली."

"मग आता घ्या की. सगळे आहेत."

"तहकूब सभाच घेता येईल, सर. क्रीडांगण सोडून."

"अरेरे," सर म्हणाले. त्यांना खरंच वाईट वाटलं होतं. "मला कुणी सांगितलं असतं तर लवकर निघालो असतो."

नव्याने सभा बोलवायची तर चौदा दिवसांची नोटीस हवी. चौदा दिवसांनी शाळा सुरू, पाऊस सुरू. पुन्हा यायचं तर दसऱ्यानंतरच, यावर एकमत झालं. त्या तहकूब सभेत फाटकाच्या कुलपाचा विषय मंजूर झाला.

त्याच पावसाळ्यात जोतं गेलं. दिवसाढवळ्या, दुपारी. केबिन पाण्याच्या बाजूला कलंडली आणि तिची मागची भिंत उघडली. बाई तेव्हा फाट्यावर रॉकेल आणायला गेल्या होत्या. रखवालदाराने ट्रंक आणि काही पुस्तकं बाहेर काढली. पुढचे दोन दिवस त्या माझ्या केबिनमध्ये राहिल्या आणि मग सिन्नरला भाचीकडे गेल्या. कार्यालयात मला हे कळलं ते रखवालदाराने फाट्यावरून पाठवलेल्या निरोपाने. मी पोचलो तेव्हा जोत्याच्या जागी पाण्याने स्वतःच एक रुंद वाट पाडली होती आणि ते तिथून निर्धोक फुगवट्यात जात होतं.

दिवाळीनंतरच्या सभेत सचिवांनी सांगितलं की पाण्याला वाट मिळाली असल्याने क्रीडांगणाला हात लावायची गरज उरलेली नाही. हीच वाट कायम ठेवायची, दोन्ही बाजूंनी दगड लावायचे. प्लॉट बाईंचा, तेव्हा त्यांची संमती पुरे. पूर्ण कोरमची जरुरी नाही. विषय तहकूब सभेत घेता येईल.

बाई सिन्नरहून आल्या होत्या. पहाटेची गाडी धरून, दोन ठिकाणी बदलून, दहाच्या आत. साडेदहाला मंडळी जमली. एकेकाने त्यांच्याजवळ जाऊन विचारपूस केली. फार वाईट झालं असं सगळेच म्हणाले आणि त्यातलं कुणी खोटं बोलत नव्हतं. सरांनी संमतीचा कागद त्यांच्यापुढे ठेवला.

"बाई, सक्ती नाही हं. तुमची इच्छा असेल तरच."

बाईंनी कागद वाचला. शाळेतली सवय, एका ठिकाणी पेन्सिलीने वेलांटी दुरुस्त केली. मग सही केली.

"मी सभासद राहते ना?" त्यांनी विचारलं.

"राहता की," सचिव म्हणाले. "प्लॉट आहेच तुमच्या नावावर."

"मग सभेची नोटीस सिन्नरला पाठवत जा," बाई म्हणाल्या आणि भाचीच्या घराचा पत्ता सांगू लागल्या.