पटलावर न आलेली गोष्ट

सबनीसकाकांना कुणी काही सांगायला लागलं की ते आधी विचारत, "हे पटलावर आलंय का?" म्हणजे चारचौघांत जाहीर झालंय का. नसेल, तर त्यांच्या पोटात गेलेली गोष्ट पोटातच राही. आमच्या बिल्डिंगमधल्या जोशांची नोकरी गेली हे त्यांना सगळ्यांच्या आधी ठाऊक होतं. आम्हांला कळलं ते जोशांनी फ्रीज विकायला काढला तेव्हा.

काका मुंबईत विधिमंडळ सचिवालयात होते. आमदारांच्या समित्यांचं काम बघत. काकू गेल्यावर रियाधला मुलाकडे आले, आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये. मी तिथल्या ओलाया भागातल्या बँकेत काम करते. गुरुवारी संध्याकाळी मी वाणसामानाला निघाले की काका गाडीत येऊन बसत आणि जुन्या हकिगती सांगत, अर्थात पटलावर आलेल्याच. सरकारी खात्याने कागद दडवले की त्यांना भारी चेव येत असे. "खातं म्हणायचं, गोपनीय आहे, देता येत नाही. आम्ही म्हणायचो, साहेब, समितीपुढे असं चालत नाही, उद्या फाइल घेऊन या. अगं, तो गोपनीयचा शिक्का देशासाठी क्वचितच असतो. बहुतेकदा कुणाच्या तरी खुर्चीसाठी असतो."

बथ्थ्याच्या जुन्या बाजारात आमच्या हसनभाईंचं दुकान आहे. ते रत्नागिरीकडचे, त्यामुळे कोकम, कुळीथ, सुका जवळा सगळं मिळतं. काका विधिमंडळात होते, असं मी एकदा कौतुकाने म्हणाले, तर हसनभाईंचा तोलता हात थांबला.

"मग काका, आमच्या खाडीत लाँच बुडाली, त्याचे कागद तुमच्याकडे आले असतील. लाँच चालवणारा तांडेल माझा मोठा भाऊ होता. तोही गेला त्यात. सरकारने सांगितलं, त्याच्याच चुकीने बुडाली. आमची आय अजून गावात कुणाच्या लग्नाला जात नाही. खरं काय झालं होतं?"

काकांचा चेहरा उतरला. "समितीचं कामकाज गुप्त असतं, हसनभाई. अहवाल पटलावर येईपर्यंत मला बोलता येत नाही."

"कधी येईल?"

काका सामानाची पिशवी उचलून गाडीकडे निघाले.

गाडीत त्यांनी सांगितलं, अहवाल तयार होता, पण सभागृहात मांडायच्या आधीच विधानसभा बरखास्त झाली. नव्या समितीने तो विषय घेतलाच नाही. "म्हणजे आता तो कधीच येणार नाही," मी म्हणाले. "मग तुम्ही गप्प कुणासाठी राहताय?"

काका चिडले. "गुप्त राहील या भरवशावर लोक आमच्यापुढे खरं बोलले. तो भरवसा मी दुकानात जाऊन मोडू?"

त्यांचंही चूक नव्हतं, हीच तर पंचाईत होती. पण त्यांना चैन पडेना. शेवटी त्यांनी सचिवालयाला ईमेल केला, रीतसर, बोलण्याची परवानगी मागणारा. बऱ्याच दिवसांनी उत्तर आलं : आपला अर्ज योग्य त्या कार्यवाहीसाठी पुढे पाठवला आहे. "हललं बघ," काका खुशीत म्हणाले. मला काही हसू आलं नाही. हसनभाई दर खेपेला त्यांच्या चेहऱ्याकडे बघत, पण पुन्हा कधी विचारलं नाही.

असं वर्ष गेलं. एका गुरुवारी दुकानाचं शटर अर्धं ओढलेलं होतं. हसनभाईंची आई गेली होती. दफन त्याच दिवशी झालं. हसनभाईंना पोचणंही शक्य नव्हतं.

काका त्यांच्यासमोर स्टुलावर बसले आणि परवानगीची वाट न बघता सगळं बोलले. "तुमच्या भावाची चूक नव्हती. लाँचचा तळ कुजला होता. ती बंद करा, असं तपासणाऱ्याने लिहून दिलं होतं. भावाने स्वतः तक्रार केली होती. खात्याने ते कागद दाबले. आम्ही ते मागवून घेतले. मी माझ्या डोळ्यांनी वाचलेत."

हसनभाई मान खाली घालून ऐकत होते. मग हळूच म्हणाले, "आता हे कुणाला सांगू, काका?"

पुढे काका मुंबईला परतले आणि तिथेच वारले. इतका सचोटीचा माणूस मी दुसरा पाहिला नाही, आणि त्या सचोटीचा मला आजही राग येतो. गावातल्या त्या म्हातारीला हवं असलेलं एक वाक्य वर्षभर माझ्या गाडीत बसून तिच्या मुलाच्या दुकानापर्यंत जात होतं, आणि तसंच परत येत होतं.