लिंबाखालचा डेरा

आमच्या गावात ख्रिस्ती घरं मोजकीच, सगळी मांगवाड्याच्या कडेला. उमरग्याहून शांतवन मास्तर नावाचे उपदेशक तट्टावर बसून यायचे. उपदेश संपवताना त्यांचं ठरलेलं वाक्य असायचं, "हे वचन रोजच्या जगण्यात उतरवा." आम्ही मोठ्यानं आमेन म्हणायचो आणि भाकरीला पळायचो. माझ्या नागूआत्यानं मात्र एक वचन खरोखर उतरवलं. मास्तरांचीही तशी अपेक्षा नसावी.

नागूआत्या माझ्या बापाची थोरली बहीण. बाप्तिस्म्यात तिला मार्था हे नाव मिळालं होतं, पण ते गावाच्या जिभेवर कधी बसलं नाही. नवरा तापानं गेलेला, मूलबाळ नाही, अक्षरओळख नाही. एकदा ऐकलेलं मात्र ती विसरायची नाही. भांडणात ऐकलेलंही नाही, हे मी स्वानुभवानं सांगतो.

ते वचन विहिरीवरच्या बाईचं. प्रभू चालून थकला, भर दुपारी विहिरीवर टेकला आणि पाण्याला आलेल्या शोमरोनी बाईला म्हणाला, मला प्यायला दे. त्याचे लोक शोमरोन्यांचं काही शिवायचे नाहीत. बाईच चकित झाली, की हा माझ्या हातचं मागतो कसा. मास्तर पुढं जिवंत पाण्याबद्दल बरंच बोलले. आत्या त्या मागितलेल्या पाण्यापाशीच थांबली.

"तिची जात ठावं असून मागितलं त्यानं," घरी येताना ती मला म्हणाली. "दाविद, म्हंजी असं मागणारं माणूस असतंय."

"एक व्हतं," मी म्हणालो.

"एक व्हतं तर दुसरं बी असंल की."

चैत्र लागला तशी ती हैदराबादच्या सडकेवर गेली. तिथल्या लिंबाखाली तिनं मातीचा डेरा मांडला, त्यावर लाकडी झाकण आणि झाकणावर घासून लख्ख केलेला जर्मनचा पेला. पाणी आणायची ओढ्याच्या कोरड्या पात्रात झिरा उकरून, फडक्यातून गाळून. बाप्तिस्म्यानं आमच्यासाठी स्वर्गाचं दार उघडलं होतं, गावचा आड काही उघडला नव्हता.

वाटसरू यायचे. उन्हानं करपलेले, ओठ फुटलेले. डेरा बघून त्यांचे चेहरे खुलायचे. मग पहिला प्रश्न, "कुणाची गं तू?"

"किरिस्तावाची."

"आन् त्येच्या आदी?"

"मांगाची."

झालं. माणूस पुढची वाट धरायचा. कुणी शिवी देऊन, कुणी बिचारा ओशाळून. मी तिला म्हणायचो, दुसरं काहीतरी सांग की गं, तहानलेला माणूस पंचांग बघत नाही. ती माझ्यावरच खेकसायची. "लबाडी करून पाजलं तर त्यो माज्या हातचं कुटं पिला? भलतीच्याच हातचं पिला म्हन की!" संध्याकाळी भरलेला डेरा ती लिंबाच्या बुडाशी रिकामा करायची. त्या सडकेवर एवढा दाट लिंब दुसरा नव्हता.

असे कितीतरी उन्हाळे गेले. शेवटी मास्तरांनाच तिची दया आली आणि त्यांनी तोड काढली. गावातली कमलबाई ही विधवा, जातीनं मराठा आणि मनानं मऊ. तिनं डेऱ्यापाशी बसावं, म्हणजे लोक पितील. कमलबाई कबूल झाली. पण मग डेराही तिचाच हवा, पाणीही तिनंच गावच्या आडातून आणलेलं हवं. त्या उन्हाळ्यात दुपार होईतो डेरा तळाला जायचा. आत्या लिंबामागं बसून बघायची. तिचं काय होतं त्यात? सावली, आणि ती तर देवाची.

"मानसं तर प्याली की," मी म्हणालो.

"प्याली. लई बेस झालं." मग म्हणाली, "पर मला कुनी न्हाय मागितलं."

पुढच्या चैत्रात तिनं परत आपला डेरा नेला. हट्टीपणाचा मला संताप यायचा, आता येत नाही. आपल्या हातचं पाणी कुणीतरी जाणून प्यावं एवढंच तिला हवं होतं, आणि ते काही फार मोठं मागणं होतं असं मला आता वाटत नाही.

तिच्याशी थांबून बोलायचा एकटा बशीर गाडीवान. त्याच्या गाडीतून गावातल्या दुकानांचा माल जायचा. "मैं तो पीता, नागूबाई," तो म्हणायचा, "लेकिन गाडीत लोकांचं तूप हाय. गावात कळलं तर कोन माल देईल मेरे कू?" आत्या म्हणायची, "ऱ्हाऊ दे बाबा, पोरंबाळं हायती तुला." बशीर मान खाली घालून बैल हाकायचा. भला माणूस होता, त्यात शंका नाही.

सत्तेचाळीसचा वैशाख. इंग्रज जाणार, निजामाचं काय होणार, असं सडकेवरून जाणारा जो तो बोलत होता. मी घरासमोर दावं वळत बसलो होतो. बशीर रिकामी गाडी उधळत आला.

"दाविद, चल रे! तेरी फुप्पी गिर गई!"

लिंबाखाली एवढी माणसं मी कधी पाहिली नव्हती. बशीरनं जाण्याआधी आपली घोंगडी फांदीला बांधून आडोसा केला होता. कुणी ऊन येऊ नये म्हणून उभं होतं. कमलबाई हातभर अंतरावरून पदरानं वारा घालत होती, रडत होती. आत्या मधोमध आडवी पडलेली. उशाशी तिचा डेरा, झाकण घातलेला, वर पेला.

"पाज रे बाबा तिला पानी," कमलबाई म्हणाली. "कवाधरनं तुजी वाट बगतोय आमी. दोनदा म्हनली ती, मला प्यायला दे."

मी झाकण काढलं. डेरा काठोकाठ भरलेला होता. पेला बुडवून तिच्या ओठांना लावला. पाणी आत गेलं नाही, गालावरून खाली मातीत गेलं. मी परत बुडवला, परत लावला. मग बशीरनंच माझ्यामागून सांगितलं, की बस कर.

तिथला एकही माणूस वाईट नव्हता, आणि मला त्या सगळ्यांचा गळा धरावासा वाटत होता. एवढं धावले, झटले, रडले, पण हातभरावरच्या त्या डेऱ्यात पेला बुडवणं कुणाला सुचलं नाही. सुचलं असेल तर जास्तच वाईट.

दुसऱ्या दिवशी शांतवन मास्तर आले. कबरीशी उभं राहून त्यांनी पुस्तक उघडलं आणि हळूच मला विचारलं, "कोणतं वचन वाचू?"

"विहिरीवरच्या बाईचं सोडून कोणतंही वाचा," मी म्हणालो.

त्यांचा अंगठा त्याच पानात होता. तो त्यांनी काढून घेतला, आणि बराच वेळ दुसरं पान काही त्यांना सापडलं नाही.