क्लबच्या गाडीतली पुढची सीट

डेपोत सगळे त्यांना उस्ताद म्हणत. एकतीस वर्षं शहर बस चालवली, पण कुणाच्या वाहनाला ओरखडाही काढला नाही. उभ्या प्रवाशाचा तोल जाऊ नये म्हणून वळणावर ते गाडी अशी काही अलगद घेत की गर्दीतल्या माणसालाही वळण संपल्यावर कळे. काचबिंदू मात्र चोरपावलांनी आला. आधी कडेचं दिसेनासं झालं, मग संध्याकाळचं. उस्तादांनी बायकोलासुद्धा पत्ता लागू दिला नाही. मान जरा जास्त वळवून वेळ मारून नेत राहिले.

एका सकाळी शाळेसमोरच्या पट्ट्यांवरून एक म्हातारा रस्ता ओलांडत होता. उस्तादांना तो दिसला तेव्हा बस आणि त्याच्यात जेमतेम हातभर अंतर उरलं होतं. बस थांबली. म्हातारा छत्री उगारून यथेच्छ शिव्या देऊन निघून गेला. उस्तादांनी इंजिन बंद केलं आणि किल्ली कंडक्टरच्या हातात ठेवली.

"दुसरा ड्रायव्हर मागव. मी यापुढे चालवणार नाही."

भरलेल्या बसमधले लोक कुरकुरत उतरले. उस्ताद डेपोपर्यंत चालत गेले आणि साहेबांना सगळं खरं सांगून मोकळे झाले.

पुढच्या दोन वर्षांत उरलीसुरली नजरही गेली. ती दोन वर्षं त्यांनी खिडकीजवळच्या खुर्चीत काढली. बायको लाँड्रीत इस्त्रीचं काम करायची. निघताना ती म्हणे, "चहा उजव्या हाताला ठेवलाय, साखर ढवळलीय. आता तेवढा उचलून प्या, का तोही मीच पिऊन जाऊ?" पूर्वी अशा बोलण्यावर उस्ताद हसले असते. आता नुसतं "हं" म्हणायचे. त्या "हं"नंच ती जास्त घाबरली आणि एका बुधवारी त्यांना न सांगता क्लबात गेली.

हा क्लब म्हणजे हार्डवेअरच्या दुकानावरच्या दोन खोल्या. शहरातली पेन्शनर मंडळी, दुकानदार, एक-दोन नर्स दर बुधवारी तिथे जमत. व्हीलचेअर, वॉकर, कुबड्या, पाण्याची गादी, ज्याला जे लागेल ते वापरायला देत. डायलिसिसच्या पेशंटना हॉस्पिटलात नेणारी एक जुनी गाडीही होती.

पुढच्याच मंगळवारी क्लबातल्या मोठ्या बाई दारात हजर. शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या, आता निवृत्त. हातात उस्तादांसाठी आणलेली पांढरी काठी.

"मला कुणाची भीक नको," उस्ताद म्हणाले.

"भीक कोण देतंय? उसनी आहे. काम झालं की परत करायची."

"काम झालं की? डोळे काय परत येणार आहेत?"

"मग राहू दे तुमच्याकडे. पण कोपऱ्यात धूळ खात पडली तर उचलून नेईन. यादीत आणखी दोघं आहेत." बाई खुर्ची ओढून बसल्या. "एकवीस नंबर तुम्हीच चालवायचात ना? एकदा मी धावत आले, तुम्ही आरशात मला पाहिलंत आणि दार लावून निघून गेलात. पोरं शाळेच्या फाटकात उभी राहून मला हसत होती."

उस्ताद ओशाळले. "वेळेवर सुटायला लागायचं हो, बाई."

"अगदी बरोबर. मग दर मंगळवारी दहाला मी येईन. तुम्हीही वेळेवर सुटायचं."

आतल्या खोलीत बायकोनं हसू दाबायला तोंडाला पदर लावला.

पहिल्या दिवशी ते कोपऱ्यापर्यंत जाऊन कचऱ्याच्या डब्यावर आदळले आणि तोंड पाडून परतले. बाईंनी हात धरला नाही. स्वतःचं कोपर पुढे केलं आणि म्हणाल्या, "तुम्ही मला धरा. सोडायचं कधी, तेही तुम्हीच ठरवा." तीन महिन्यांनी किराणा दुकानापाशी त्यांनी कोपर सोडलं.

क्लबची गाडी चालवायचे औषधवाले. चाळीस वर्षं औषधांचं दुकान चालवलेला भला माणूस, पण गाडी म्हणाल तर देवाच्या भरवशावर. एकदा उस्तादांना डोळ्यांच्या तपासणीला न्यायचं होतं म्हणून त्यांना पुढे बसवलं. मागे चार पेशंट. मोठा रस्ता पाइपसाठी खणलेला, आणि फोनवरच्या नकाशानं गाडी नेऊन उभी केली ती थेट पायऱ्यांसमोर.

"कुठे आहोत आपण?" उस्तादांनी विचारलं.

"पेट्रोल पंपाच्या मागे. आता काय करायचं?"

"रिव्हर्स घ्या. सायकलच्या दुकानाला लागून डावीकडे गल्ली आहे."

"फार अरुंद आहे हो!"

"आरसे मिटा आणि पहिल्या गिअरमध्ये चला. दोन गतिरोधक लागतील, दुसऱ्यानंतर लगेच उजवीकडे."

गाडी हॉस्पिटलच्या दारात वेळेआधी दहा मिनिटं उभी राहिली. मागून कुणीतरी टाळी वाजवली. त्या दिवसापासून डायलिसिसच्या दिवशी, म्हणजे सोमवार, बुधवार, शुक्रवार, पुढची सीट उस्तादांची झाली.

मग आला पेंटर. दुकानांच्या पाट्या रंगवणारा, चाळिशीचा. चार वेळा डायलिसिस झालं आणि पाचव्या वेळी त्यानं दार लावून घेतलं. खाली त्याची बायको रडत होती. औषधवाल्यांनी हॉर्न वाजवून हात टेकले. उस्ताद काठी घेऊन उतरले, पायऱ्या मोजत तिसऱ्या मजल्यावर गेले.

"परत जा, काका," आतून आवाज आला. "मशीनला बांधून जगायचं नाही मला."

"मी मनधरणी करायला आलोच नाहीये. पण वर आलो खरा, आता उतरू कसा? तुमच्या जिन्याला एका मजल्यावर कठडाच नाही. तेवढं खाली सोडा."

मग कडी निघाली. पेंटरनं त्यांचा दंड धरला आणि एकेक पायरी सांगत त्यांना खाली आणलं. गाडीपाशी उस्ताद म्हणाले, "आता आलातच आहात, तर बसा."

पेंटर बसला. थोड्या वेळानं त्यानं विचारलं, "कठडा नाही हे तुम्हाला चढताना कळलं होतं ना?"

"कळलं होतं. म्हटलं, बरंच झालं."

मागची सीट खदखदून हसली, आणि पेंटरही. त्यानंतर त्याचा एकही दिवस चुकला नाही.

हिवाळ्यात क्लबानं सामानाच्या खोलीची जबाबदारी उस्तादांवर टाकली. कोणती वस्तू कोणाकडे, सगळं त्यांना तोंडपाठ. अडायचं फक्त एकाच जागी: हाताला सारख्याच लागणाऱ्या वॉकरमधला कोणता कोणता? पेंटरनं रंगाचे थरावर थर चढवून प्रत्येक वस्तूवर बोटांना लागेल असा जाड आकडा काढला. तीन दिवस तो त्यातच होता.

उस्तादांनी एकेका आकड्यावरून बोट फिरवलं. "हा सात जरा वाकडा झालाय."

"मशीनवरून उठून आलो होतो, काका. तसाच ब्रश धरला."

"वाचता येतोय की," उस्ताद म्हणाले, आणि सात नंबरचा वॉकर उचलून, तो पेशंटकडे पोचवायला दारात थांबलेल्या मोठ्या बाईंच्या हाती दिला.