मोहाच्या ढोलीतली चिमणी

"चिमणीच ना, मॅडम? मंग कायले एवढं धरून बसल्या?" मी काढलेले फोटो बाजूला सरकवत आमचे सर म्हणाले.

मे महिना होता. केळापूरकडच्या रस्ता रुंदीकरणात मोहाची जुनी झाडं जाणार होती. रस्ता करण्याआधी तिथे कोणते पक्षी-प्राणी राहतात ते पाहायचं, त्याला सर्व्हे म्हणतात. ते माझं काम. मोहाच्या ढोल्यांमध्ये मला रानचिमणीची घरटी सापडली. आत पिल्लं होती. झाड पाडलं तर पिल्लं मरणार, हे कळायला काही डिग्री लागत नाही.

घरातली चिमणी आणि ही, दोघी दुरून सारख्याच. पण घरचिमणीच्या पाठीवर काळपट रेघा असतात, नराच्या गळ्याखाली काळा डाग. रानचिमणीची पाठ साधी, खांदा तांबूस, आणि नराच्या गळ्यावर हळदीचं बोट लावल्यासारखा पिवळा ठिपका. खरा फरक बिऱ्हाडाचा. एक तुमच्या ट्यूबलाइटमागे संसार मांडते, दुसरीला झाडाची ढोली लागते.

"सर, थोडं थांबा. पिल्लं उडाली की पाडा."

"पाऊस लागला की काळ्या मातीत मशीन जाते काय? ठेकेदार माह्या डोक्यावर बसून राह्यला. रिपोर्टमधी नुसतं 'चिमणी' लिवा. बदल्यात लाकडी घरटी लावून देऊ."

"कुठे?"

"साइट ऑफिसच्या भिंतीले."

मी नाही लिहिलं. मग सरांनी स्वतःच लिहिलं.

पुढच्याच आठवड्यात मोह आडवे झाले. मी पोचले तेव्हा एक नर चोचीत अळी धरून तारेवर बसला होता. पडलेल्या खोडापाशी उतरायचा, परत तारेवर जायचा. अळी तशीच चोचीत. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"काहून पाडले एवढ्यात?" मी ठेकेदाराला विचारलं.

"सायबानंच सांगतलं. भिंतीले घरटी लावली ना मॅडम, तिकडं जातीन ते."

दिवाळीच्या सुमारास सरांनी ऑफिसच्या ग्रुपवर फोटो टाकला. लाकडी घरट्यातून बाहेर येणारी चिमणी. खाली लिहिलं होतं, "बघा मॅडम, आल्या वापस." तिच्या पाठीवरच्या रेघा मोबाइलवरही स्पष्ट दिसत होत्या. सगळ्यांनी लाइकचे अंगठे टाकले. तोच फोटो आता ऑफिसच्या कॅलेंडरवर आहे, माझ्या टेबलासमोर.

तेव्हापासून मी रिपोर्टात आधी पक्ष्याचं घर लिहिते, नाव मागाहून. नाव खोडणं सरांना फार सोपं जातं.