पडद्यामागचा गंधार

विधवा होऊन मी सोलापूरला माहेरी परतले, तेव्हा धाकटा भाऊ सात-आठ वर्षांचा होता. आई नव्हती, म्हणून त्याला मीच वाढवलं. पुढे तो शाळेत मास्तर झाला आणि पेटीच्या नादाला लागला.

"बाजारातली पेटी खोटं बोलते, अक्का," तो म्हणायचा. "तू पहाटे भूपाळी म्हणतेस, तेव्हा तुझा गंधार जिथे लागतो तिथे पेटीत पट्टीच नाही."

म्हणून त्याने स्वतःच पेटी बांधायला घेतली. बाजारच्या पेटीत सप्तकाला बारा सूर. याला बावीस हवे होते. विणकरांचे माग बनवणाऱ्या एका तेलुगू सुताराकडून त्याने खोकं करून घेतलं. आतल्या पितळी पट्ट्या मात्र स्वतः लावायचा. शाळेतून आला की माजघराचं दार ओढून म्हणायचा, "अक्का, सूर धर."

मी सूर धरायची. तो कानशीने पट्टी घाशी, वाजवून बघे, मान हलवी, पुन्हा घाशी. गिरणीचा भोंगा झाला की दोघंही थांबायचो, कारण तो कानात बराच वेळ घुमत राही. उन्हाळ्यात लाकूड आकसायचं आणि लावलेलं सगळं बिघडायचं. पुन्हा पहिल्यापासून! तरी तीच माझी सुखाची वर्षं. या घरात माझा आवाज कुणाला तरी हवा होता.

पेटी झाल्यावर त्याने तिच्यासाठी चाली बांधल्या. त्या मला सोडून कुणालाच येत नव्हत्या, आणि मी काही चार लोकांत गाऊ शकत नव्हते.

ही पेटी लोकांना ऐकवायला नव्या पेठेतल्या एका व्यापाऱ्याच्या माडीवर बैठक ठरली. गवई बाहेरगावाहून आणला होता. पेटीवर भाऊ. आम्ही बायका बांबूच्या चिकाच्या पडद्यामागे. गवयाचा जन्म साध्या पेटीबरोबर गाण्यात गेलेला. त्याचा गळा एकीकडे जाई, पेटी दुसरीकडे. लोक हसू लागले. कुणीतरी म्हणालं, "मास्तर, पेटीला सर्दी झालीय की काय?"

भावाचा सदरा घामाने पाठीला चिकटला होता. मला ते बघवेना. मी पडद्याआडून त्याचीच एक चाल गायला लागले.

लोकांचं हसू थांबलं. त्याने मान वर केली नाही, पण बोटं सरळ माझ्या सुरावर आली. पेटी कुठली नि गळा कुठला, माझं मलाच कळेना. असं एखादं कडवं झालं असेल.

"आत कोण गातंय?" बैठकीच्या अध्यक्षांनी विचारलं.

"मास्तरांची बहीण. ती विधवा," कुणीतरी सांगितलं.

पेटी थांबली. भाऊ उठला, हात जोडून म्हणाला, "क्षमा असावी. घरातल्या बाईकडून चूक झाली."

घरी परतताना तो पुढे चालत होता. मी मागून विचारलं, "सूर चुकला का रे माझा?"

"सूर नाही चुकला, अक्का."

त्यानंतर त्याने मला सूर धरायला कधी बोलावलं नाही. एकटाच दार लावून पट्ट्या घाशी. चुलीपाशी बसून मला गंधार उतरलेला ऐकू येई. एकदा न राहवून दाराशी गेले. म्हटलं, "किंचित चढव की."

"तुला काय कळतंय त्यातलं?" तो म्हणाला. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

मी भाकरी थापायला परत गेले. त्या दिवसापासून देवापुढेसुद्धा मी नुसते ओठ हलवते.

दोन-तीन उन्हाळ्यांनी त्याने जादा पट्ट्या स्वतःच उपटल्या आणि पेटी शाळेत प्रार्थनेसाठी देऊन टाकली. मी अडवलं नाही. मग खोकला जडला. हवापालट म्हणून होटगीला एका नातेवाइकाकडे नेऊन ठेवलं, मीही सोबत राहिले; तिथेच तो गेला. शेवटपर्यंत माझ्या हातचं पाणी प्यायला, पण गाण्याचं अवाक्षर काढलं नाही. मीही काढलं नाही.

चाली त्याने कुठे लिहून ठेवल्या नव्हत्या. आता शब्द आठवतात. चाल लावायला जाते, तर आवाज फुटत नाही.