पातीनं बसलेल्या बाया

आमच्या गावात दोन पार्ट्या होत्या, वरची आणि खालची. एका पुढाऱ्याचं वावर नाल्याच्या वरच्या अंगाला, दुसऱ्याचं खालच्या अंगाला, म्हणून ही नावं. बाकी जात, आळी, भाऊबंदकी यांचा काही मेळ नव्हता. सख्खे भाऊ दोन पार्ट्यांत होते. माझं घर वरच्या पार्टीचं. माझी मैत्रीण विहारामागच्या घरातली, तिचं घर खालच्या पार्टीचं. गावात आम्ही एकमेकींशी बोललो की दोघींच्याही घरी भांडी आपटली जायची.

वावरात मात्र बोलायचो. त्या वर्षांत कापसाचं काही खरं नव्हतं. बोंडात अळी, बाजारात भाव नाही, वेचायला मजूर लावणं परवडत नव्हतं. म्हणून आम्ही दोन्हीकडच्या बायांनी सावड केली होती. आज माझ्या वावरात सगळ्या, उद्या तिच्या. प्रत्येकीनं एक पात धरायची, म्हणजे पऱ्हाटीची आपली ओळ, आणि कमरेला ओटी बांधून वेचत पुढं सरकायचं. मागं पडली तिच्या पातीतली बोंडं शेजारचीनं वेचायची आणि सगळ्यांनी धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, बरोबरच निघायचं. माझ्या शेजारची पात कायम तिची. माझा हात जड, तिचा उडता. न सांगता ती माझ्या पऱ्हाटीवरचा कापूस काढून माझ्याच ओटीत टाकायची.

नाल्यावर रपटा मंजूर झाला होता. पण ठेंगणा का होईना, पूलच तो, आणि तो आपल्याच वावराजवळ हवा, असं दोन्ही पुढाऱ्यांचं म्हणणं. पंचायतीत दोन्हीकडचे मेंबर सारखे. एकानं ठराव मांडला की दुसरे उठून जायचे. मंजुरी एकदा परत गेली होती, आता दुसऱ्यांदा जायच्या बेतात होती.

मैत्रिणीची मुलगी नाला ओलांडून मारेगावला शाळेत जायची. पावसाळ्यात नाला चढला की पोर पलीकडेच अडकायची. तिच्या बापानं सांगून टाकलं होतं, पुढच्या पावसाळ्याआधी रपटा झाला नाही तर शाळा बंद. पोरगी हुशार होती. मैत्रिणीनं हे मला वेचता वेचता सांगितलं, मान वर न करता. "मले शिकू नाई देल्लं. तिचंबी तसंच होईन का व?" मी म्हटलं, "वेच पटपट, सभेले जाचं हाये."

त्या दिवशी ग्रामसभा होती. सभा पंचायतीपुढच्या कडुनिंबाखाली भरायची. खोडाच्या डावीकडं वरची पार्टी, उजवीकडं खालची. बायांनी आपापल्या माणसांमागं बसायचं. सचिव हात मोजतच नसे. डावीकडं किती डोकी, उजवीकडं किती, एवढंच लिहून घ्यायचा आणि गोंधळ झाला की सभा तहकूब.

आम्ही वावरातून थेट गेलो, ओट्या सोडायलाही वेळ नव्हता. आणि गेलो तशा बसलो, पातीनं. ठरवलं वगैरे काही नव्हतं. रोजची सवय. झाडापुढं एक आडवी ओळ, वरच्या पार्टीची एक, खालच्या दोन, पुन्हा वरची एक. बसल्यावर सचिवानं पेन थांबवलं.

"बायाहो, आपापल्या बाजूले बसा नं."

"कोन्ती बाजू, साहेब?" आमच्यातली म्हातारी म्हणाली. "आमी पातीनं बसलो."

लोक हसले. तेवढ्यात मैत्रीण उठली. पुरुषांच्या सभेत ती कधी बोलली नव्हती. "वरतं नको, खालतं नको. पोरं ज्या वाटेनं शाळेत जातेत, तिथं बांधा रपटा." आणि हात वर केला.

तिचा नवरा उजवीकडून ओरडला, "हात खाली कर!" माझा हात तोवर वर गेला होता. डावीकडून माझ्या नवऱ्यानं मला दरडावलं, "अवं, तुले काहून पायजे त्यायची उठाठेव?"

मी म्हटलं, "पात सुटन नं माही!"

मग ओळीतले सगळेच हात वर गेले. म्हातारीनं दोन्ही केले, तिला एक खाली करायला लावला. आता सचिवाला खरंच हात मोजावे लागले. बाया तर एका बाजूला लिहिताच येत नव्हत्या. थोड्या वेळानं पुरुषांतलेही, ज्यांची पोरं त्या वाटेनं जायची ते, एकेक करत हात वर करू लागले. पुढारी एकमेकांकडं बघत राहिले. उठून जायचं तर कोणाला घेऊन जायचं?

रपटा उन्हाळ्यात झाला. भरावाचा मुरूम दोन्ही पार्ट्यांच्या बैलगाड्यांनी आणला. नारळ कोणी फोडायचा यावरून पुन्हा जुंपली, तेव्हा दोन नारळ आणले. खोबरं भरपूर झालं.

पोरगी त्या रपट्यावरून शाळेत गेली, मग नागपूरला नर्सिंगला गेली, तिथंच नोकरीला लागली. बाप वारल्यावर आईला घेऊन गेली. हे व्हावं म्हणूनच आम्ही हात वर केले होते, त्यामुळं तक्रार करायला मला जागा नाही. सामानाची गाडी रपट्यावरून गेली तेव्हा मी वावरात होते. आवाज आला, पण मी मान वर केली नाही.

आता सावड राहिली नाही. मजुरांची गाडी येते, किलोवर वेचणी होते. दुसरीच्या ओटीत कोण कापूस टाकणार? मैत्रिणीचा फोन येतो.

"माह्या शेजारची पात कोनाले देल्ली?"

"कोनाले नाई."

"दिवाळीले येतो. धरून ठेव."

हे ती दरवर्षी म्हणते. मी धुऱ्याजवळची पात मजुरांना देत नाही. दिवाळी होऊन जाते. बोंडं फुटून कापूस लोंबायला लागतो, आणखी ठेवला तर दवानं खराब होईल. मग ओटी बांधून मीच ती पात वेचते. मला वेळ लागतो.